धुळीतल्या कुरडया

आई, दुपारपासून आग्नेयेला ढग जमले आहेत आणि इथे पानही हलत नाही. फीनिक्समध्ये ही खूण चांगली नाही. दूर कुठेतरी पाऊस कोसळतो, त्याचा वारा वाळवंटातली माती उचलतो आणि ती भिंतीसारखी शहरावर चालून येते. पाऊस आपल्यापर्यंत पोचतोच असं नाही. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात तू आलीस तेव्हा मी हे समजावून सांगत होते, तर तू म्हणालीस, "नागपूरच्या बाईला धूळ शिकवू नकोस."

इथलं ऊन फुकट जातं, याचंच तुला वाईट वाटायचं. शेवटी तू गव्हाचा चीक शिजवलास आणि मागच्या अंगणात जुन्या साडीवर कुरडया घातल्यास. त्याआधी मला विचारलंस. तू सगळंच विचारायचीस. फ्रिज उघडू का, पंखा लावू का. जिनं जन्मभर कुणाला न विचारता घर चालवलं, तिला ही सवय कुणी लावली? तू तिकडे धाकट्या लेकाकडे राहत होतीस. माझा संशय सरळ तिथेच गेला.

त्या संध्याकाळी मी ऑफिसातून कशीबशी घरी पोचते. बाहेर सगळं तपकिरी झालेलं. घरात तू नाहीस. मग काचेच्या सरकत्या दारापलीकडे दिसतेस, साडीत बांधलेल्या कुरडयांचं गाठोडं छातीशी धरून भिंतीला चिकटलेली, भुवयांपर्यंत माती.

"आई, दाराला लॉक नव्हतं."

"माहीत आहे की. धूळ आत आली असती. तुझा गालिचा पांढरा."

"मग काय झालं?"

"घरात कुणी नव्हतं. विचारणार कुणाला?"

तुझे केस धुताना मी विचारलं, "तिकडे तुला बाहेर उभं करतात का?"

"तू वकील व्हायला हवी होतीस. लहानपणी त्याच्या वाटीतली साय मोजायचीस, तशीच आहेस अजून."

हे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "इथेच राहा." तू म्हणालीस, "त्याला विचारून सांगते." आणि महिन्याभरात परत गेलीस.

आता धाकटा शुक्रवारी येतोय, दोन महिन्यांसाठी. बायको गेल्यापासून एकटाच असतो. परवा फोनवर म्हणाला, "ताई, आई गेल्यापासून तू माझ्याशी नीट बोललीच नाहीस." मी म्हटलं, "लाइन खराब आहे."

समोर बसवून विचारायचं, असं इतकी वर्षं ठरवून होते. पण तो हो म्हणाला तर त्याला घराबाहेर काढावं लागेल, आणि नाही म्हणाला तर माझा विश्वास बसणार नाही. तुला आई म्हणणारं माझ्याखेरीज आता तेवढंच एक माणूस उरलं आहे. तेव्हा विचारणार नाही. हे पत्रही कुठे टाकायचं नाही, त्यामुळे सांगायला हरकत नाही: त्याची खोली मी कालच आवरून ठेवली.