'मले'चं 'मला'

१२ जानेवारी, अकोला

"वऱ्हाडकरांनो! तुमच्या-माझ्या तोंडून 'मले' निघालं की पुण्यात अजूनही हसू फुटतं!" — आजही गाण्यांआधी माझं हेच भाषण. टाळ्याच टाळ्या! मागून वकार गिटार जुळवत पुटपुटला, "देवीदास, आवर ना बे! लोकं गाणं ऐकाले आले." रागिणी माइकपासून तोंड वळवून हसली.

कॉलेजच्या गॅदरिंगपासून आम्ही तिघं गातो. लोकगीतांच्या चाली, गिटार, तीन आवाज. ऐकणाऱ्याला डुलकी यावी इतकं मऊ! लग्नांत आम्हाला पंगत बसल्यावरच उभं करतात.

२० जानेवारी, पुणे

पहिलं रेकॉर्डिंग. 'सांज झाली, सांग ना मले' — शब्द माझेच. काचेपलीकडचा गृहस्थ गोड आवाजात म्हणाला, "'मले' जरा गावरान वाटतं. 'मला' करू या?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चालेल."

सभा तासभर पेटती ठेवणारा मी! शेवटचा स्वर तिघांनी 'ला'वर लांबवला. सुरेख लागला. त्याचीच जास्त लाज वाटते.

२१ जानेवारी

परतीच्या गाडीत रागिणी — "काहून 'हो' म्हटलं, भाऊ? मले वाटलं, आता तुमी पेटता."



१६ फेब्रुवारी

गाणं चाललं! परतवाड्याला जीपवाला तेच लावून बसला होता. आयोजक आता स्वतःहून फोन करतात. वकारच्या अम्मी शेजारणींना बोलावून ऐकवतात. मी खूश आहे. हे लिहितानाही मान खाली जाते.

२ मार्च, अमरावती

आपलं गाव. तिघांनी ठरवलं — इथं 'मले'च! भाषणही दणकून केलं. ध्रुवपद आलं. आम्ही 'मले' — आणि अख्खं सभागृह 'मला'! आमचे आवाज बुडाले. पहिल्या रांगेतून एक पोरगी ओरडली, "सर, 'मला' आहे ते! तुमचं चुकून राहिलं!" लोक हसले. प्रेमानंच हसले.

ज्या हसण्यावर मी भाषणं ठोकतो, ते आज माझ्याच गावात उगवलं. पेरलं मी.

३ मार्च

वकारचा निरोप — "रागिणीनं अन् मी ते रेकॉर्डिंग सगळीकडून काढा म्हणून पुण्याले कळवलं. शब्द तुझे, म्हणून तुझ्या 'हो'साठी अडून राहिलं. नाई म्हणशीन तं आमी दोघंच गातो. तू भाषणं कर."

आमचं चाललेलं एकमेव गाणं.

देवीदास, 'हो' लिही. आत्ता पाठव.