मेंढीचा कान

अल्माटी, रविवार

येर्केबुलान दादा,

आपलं विद्यापीठ शोधनिबंधांच्या जोरावर जगाच्या यादीत एकदम दोनशे क्रमांकांनी वर गेलं, म्हणून काल प्र-कुलगुरू या नात्याने तू मेजवानी दिलीस. मानाचं मेंढीचं डोकं तुझ्यापुढे आलं. तू त्याचा कान कापून माझ्या ताटात ठेवलास. "धाकट्यांनी ऐकावं," म्हणालास, आणि सगळे हसले. तो कान लहान पोरांना देतात, दादा. मी बेचाळीस वर्षांची आहे. तेव्हाच काहीतरी खटकलं.

आज सकाळी विद्यापीठाची नोंद उघडली. यंदा माझ्या नावावर अकरा शोधनिबंध आहेत. मी लिहिला तो एकच, गव्हाच्या तांबेऱ्यावर. बाकीचे दहा कोळंबीच्या रोगांवर आहेत. मी अजून समुद्रही पाहिलेला नाही.

तुला फोन केला, तर म्हणालास, "अगं, फुकटात नाव होतंय तुझं, तक्रार कसली करतेस?" मी तोवर फक्त तुझी तब्येत विचारली होती.

हे पत्र पाठवणार नाही. खाली माझी सही आहे, आणि माझ्या सहीचं तुझ्याकडे काय होतं ते आता कळलंय.

कान मी खाल्ला नाही. रुमालात बांधून आणलाय. विद्यापीठाच्या मंगळवारच्या सभेत सगळ्यांसमोर तुझ्यापुढे ठेवणार आहे.

तुझी धाकटी,
आयसारा