शनिवारची चूल

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय शोभनास,

सप्रेम शालोम, विनंती विशेष.

आमच्याकडे सगळं बरं आहे. बर्फ पडतोय, गुडघे कुरकुरतायत, आणि आमचा डेव्हिड रोज फोनवर ‘मॉम, ड्राइव्ह करू नकोस’ म्हणतो. मी करते. तुझ्या सुनेनं पाठवलेला अलिबागच्या घराचा फोटो पाहिला. रंग फार भडक दिलाय, पण तिला सांगू नकोस. आता म्हणशील, हातात फोन असताना ही बया कागद का खरडतेय? फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून.

हॅनाबद्दल तुला मागे सांगितलं होतं. माझ्या शेजारची, मूळची पोलंडची, नव्वदी ओलांडलेली. नाझींनी तिची आई आणि धाकटा भाऊ नेला, ती तेवढी उरली. इथे येऊन तिनं त्यावर पुस्तकं लिहिली, शाळाशाळांतून बोलत हिंडली. जगात कुठेही माणसं मारली जायला लागली, की ही हातात पाटी घेऊन चौकात उभी. थंडीत मी तिला गाडीनं सोडायची आणि थर्मासमधला चहा पाजायची. मुलांना ती एकच बजावायची, “घडलं तसंच सांगा, गोड करू नका.” माझ्या चहालाही तेच म्हणायची.

एकदा तिला मी आपली गंमत सांगितली. शनिवारी आमचा शब्बाथ, घरात कुणी विस्तवाला हात लावायचा नाही. मग कुंपणातून परकर सावरत तू यायचीस, चूल पेटवून द्यायचीस, आणि आई तुझ्या हातावर नारळाची वडी ठेवायची. वडीवर डोळा ठेवून तू शुक्रवारीच विचारून जायचीस, “उद्या शनिवार ना गं?” मला वाटलं, हॅना हसेल. तिनं कप खाली ठेवला.

त्यांच्याकडेही अशीच एक मुलगी यायची. यान्का. हॅनाच्याच वयाची. शनिवारी चूल पेटवायची आणि खाऊ घेऊन जायची. पुढे ही माणसं कोठारात फळ्यांमागे लपली, तेव्हा यान्काच त्यांना पाव आणून द्यायची. जागा फक्त तिलाच ठाऊक होती. एक दिवस हॅना विहिरीवर गेली होती, परत येऊन बघते तर फळ्या उघड्या.

“पुस्तकात तर ‘कुणीतरी सांगितलं’ असं आहे,” मी म्हणाले.

“कुणीतरीच,” ती म्हणाली. “तिचं नाव मला लिहवलं नाही. मैत्रीण होती माझी. तिला किती मारलं असेल, कुणाला माहीत.”

या हिवाळ्यात तिला फार विसर पडायला लागलाय. देवाशी आपलं बोलणं बंद आहे, असं ती इतकी वर्षं सांगायची. पण आता शनिवारी शेगडीला हात लावत नाही, दाराकडे बघत बसते. मग मी जाते आणि शेगडी लावून देते. जन्मात शनिवारी काडी न ओढलेली मी! आईला कळलं तर कबरीतून उठून येईल. पण हॅनाच्या स्वयंपाकघरात मी ज्यू नसतेच. मी यान्का असते.

शेगडी पेटली की ती माझं मनगट धरते आणि विचारते, “तू सांगणार नाहीस ना?”

पहिल्यांदा मी म्हटलं, “हॅना, मी सिपोरा.” तर किंचाळली आणि टेबलाखाली शिरायला लागली. तेव्हापासून मी “नाही सांगणार” म्हणते. मग ती चहा पिते. डेव्हिड म्हणतो, “मॉम, यू आर बीइंग काइंड, दॅट्स ऑल.” असेल बाई. पण जिनं जन्मभर गोड करू नका म्हटलं, तिच्याच घशात मी दर शनिवारी साखर ओततेय.

काल ठरवूनच गेले, खोटं बोलायचं नाही. शेगडी लावली. तिनं मनगट धरलं, विचारलं. पाणी उकळून आटत आलं तरी दोघी तशाच. मग ती म्हणाली, “सिपोरा, तू कोण आहेस ते आज कळतंय मला. तरी म्हण. एकदा तरी कुणीतरी म्हणायला हवं होतं.”

मी म्हटलं. दोघी रडलो.

आपल्या कोकणात आमच्या वाटेला कधी कुणी गेलं नाही. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून आम्हा ज्यूंना ‘शनवार तेली’ नाव पडलं, एवढंच. हे मी इथे सगळ्यांना तोऱ्यात सांगत आले. पण हल्ली डोळे मिटले की आपली पडवी दिसते, दारात बुटांची माणसं, आणि परकरातली तू. ती माणसं तुला काहीतरी विचारतात. तुझं तोंड मला दिसत नाही.

लिहायची लाज वाटते गं. तू माझं काय वाकडं केलंस? चूल पेटवलीस, वडी खाल्लीस. यान्कानंही तेच केलं होतं. मला भीती वाटते, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा. आणि फोन करू नकोस, लिही. आपल्यावर ती पाळी आली नाही, तेव्हा खरं काय झालं असतं ते तुलाही ठाऊक नाही, मलाही नाही. तरी विचारते. तू सांगितलं नसतंस ना?

तरी म्हण.

तुझी कुंपणापलीकडची,
सिपोरा