सहावी सही

९ जानेवारी

केंड्राला प्रचार समितीची अध्यक्ष केलं! एकमताने! त्या एकमतात माझाही हात वर होता, कारण सगळे माझ्याकडेच बघत होते.

शाळेचा बाँड, म्हणजे शाळेसाठी कर्ज काढायला गावाने द्यायची मंजुरी, तीन वेळा मी लढवला. नवा बॉयलर, नवं छप्पर, त्यासाठी घरपट्टी थोडी जास्त — हे दारोदारी मी सांगत फिरले, पाट्या मी रंगवल्या. तिन्ही वेळा पडला. कायदा शंभरात साठ मतं मागतो आणि आमची गाडी सत्तावन्न-अठ्ठावन्नवर रुतते. एकदा तर एकोणसाठ! आता ही बाई तीन वर्षांपूर्वी स्पोकेन शहरातून आली, नवऱ्याने दातांचा दवाखाना टाकला, आणि झाली अध्यक्ष. आयत्या बिळावर नागोबा.

वर मला म्हणते, "आर्डिस, तुमचे दालचिनीचे रोल मात्र हवेतच हं! ते तुमच्याशिवाय कोण करणार?"

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी. बर्फात, चिखलात. आणि आता रोल!

१४ जानेवारी

सभागृहात प्रचाराचं जेवण झालं. खिमा-राजम्याची चिली आणि रोल, नेहमीसारखं. दोनशे रोल केले, मनगट अजून दुखतंय.

केंड्रा बोलायला उभी राहिली आणि घरपट्टी किती वाढेल ते स्वतःच सांगून मोकळी झाली! कोणी विचारायच्या आत! मी तीन निवडणुका तो आकडा लपवत आले. वाटलं, आता बसतील हिला शिव्या. तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बॉयलर बंद पडल्यावर पोरं वर्गात कोट घालून बसतात त्याचा फोटो दाखवला. पहिल्या रांगेत माझीच नात, टिली, नाक लाल झालेली. माझ्या मुलीला आधी विचारलं होतं म्हणे. मला नाही.

रोल एकूण एक संपले. कोणी नाव काढलं नाही.

१७ जानेवारी

माझा नवरा रॉय म्हणतो, "अगं, कोणी का करेना, शाळा नीट झाली म्हणजे झालं." मोठा साधू! त्याचा गहू शेजाऱ्याने कापून नेला असता तर बघितलं असतं साधूपण.

२२ जानेवारी

माझ्या जुन्या पाट्या कोठारातून काढल्या, पुसल्या, केंड्राकडे घेऊन गेले. "किती गोड! पण यंदा आपण सगळ्या एकसारख्या छापून घेतल्यात."

गोड!! अंगाचा तिळपापड झाला. घरी आले तर अंगणात तिची छापील पाटी. रॉयने रोवलेली.

२९ जानेवारी

टपालाने आलेली मतपत्रिका आज भरली. समोर खिडकीतून तिची पाटी दिसत होती. तेवढ्यात रॉय आत आला, मी घाईघाईने पाकीट चिकटवलं. "चला, एक 'हो' पक्का!" म्हणाला. मी म्हटलं, "मग!" दुपारी पेटीत टाकून आले.

घरी येऊन ओटा उगाच दोनदा पुसला.

१३ फेब्रुवारी

पहिली मोजणी — साडेअठ्ठावन्न. पडणार.

मला बरं वाटलं. इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलू? केंड्रालाही जमलं नाही, म्हणून बरं वाटलं.

मग टिलीचा फोन. "आजी, म्हणजे पुढच्या वर्षीही कोट घालूनच बसायचं?"

१९ फेब्रुवारी

उशिरा पोचलेली पाकिटं उघडली तसा आकडा वर चढला. सकाळीच केंड्रा दारात, धापा टाकत.

"आर्डिस, तेराशे पस्तीसात सातशे नव्व्याण्णव! अजून पाच 'हो' मिळाले की साठ टक्के! आणि सहा पाकिटांवर सहीच नाही, म्हणून ती न उघडता बाजूला ठेवलीयत. बावीस तारखेपर्यंत सह्या दिल्या तर मोजतील. पाचही जणांनी दिल्या तर बरोबर काठावर, आणि सहावं पाकीट... अहो, तुमचंच आहे!"

हसत होती. फॉर्म पुढे केला, पेनही. "तुमचं एक तरी खात्रीचं!"

मी म्हटलं, रोल भट्टीत आहेत, मग करते. भट्टी थंडगार होती.

२१ फेब्रुवारी

चौघांनी सह्या दिल्या. पाचवा एमिल क्रूगर. त्याने केंड्राच्या अंगावर कुत्रं सोडलं म्हणे. (हसले. खोटं कशाला?)

मग उठले, रोल बांधले आणि बर्फातून त्याच्या शेतावर गेले.

"काय गं ड्रायव्हरबाई, आज बस कुठे सोडलीस?"

"एमिल, सही कर."

"त्या दातवालीच्या कागदावर? मेलो तरी नाही!"

"मत काय दिलंयस ते सांग."

"'हो' दिलंय! माझ्या तिन्ही पोरांना तूच नेत होतीस ना त्या शाळेत?"

"मग माझ्यासाठी कर."

तीन रोल खाल्ले, मग केली. फॉर्म मीच जिल्हा कचेरीत नेऊन दिला. खिडकीतल्या बाईने विचारलं, "आणि तुझा गं, आर्डिस?" म्हटलं, घरी राहिला.

२२ फेब्रुवारी

केंड्राचे चार फोन. उचलले नाहीत. पाच वाजता मुदत संपली. फॉर्म शेगडीत टाकला.

रॉयने बघितलं. "त्या बाईवर जळतेस म्हणून पोरांना थंडीत बसवणार? असली कधी झालीस गं तू?"

जेवण न करता उठला. मी त्याचं ताट झाकून ठेवलं.

२३ फेब्रुवारी

तेराशे चाळीसात आठशे चार. बरोबर साठ. पास!

सभागृहात केंड्रा म्हणाली, "काहींना साधी सही करवली नाही, तरी आपण जिंकलो!" सगळी डोकी माझ्याकडे वळली. भाषण चांगलं केलं मेलीने. अजून पोटात दुखतंय.

मतपत्रिका भरली त्या दिवशी मी 'नाही'चा गोल काळा केला होता. सही केली असती तर सगळ्यांनी माझी पाठ थोपटली असती, आणि बाँड माझ्या एका मताने पडला असता.