नकाशा उलटा धरल्यावर

मरोळ, रविवार

धाकूदादा,

लवूचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनीने पाठवलेली कोकमाची सोलं मिळाली. (मालनने त्यातली अर्धी शेजारी देऊन टाकली. का, ते पुढे वाच, मगच रागाव.) आम्ही सगळे बरे आहोत आणि गाळाही जागेवर आहे. हे लिहायला मिळालं म्हणून देवाचे आभार, आणि त्याच्या खालोखाल क्लेमेंटचे.

क्लेमेंट म्हणजे आमच्या कुंपणापलीकडचा. गावठाणात बापजाद्यांची वाडी आहे, मुळा आणि लाल माठ लावतो. आता गंमत बघ. सरकारी आराखड्यात त्याची वाडी आहे 'औद्योगिक', आणि माझा गाळा, जिथे बाबांच्या वेळेपासून लेथ फिरतोय, तो आहे 'उद्यान'! परवा पाहणीला एक मॅडम आल्या. दारात नकाशा उघडून म्हणाल्या, "उद्यान कुठंय?" मी लेथ बंद केला, आणि घाबरून कढीपत्त्याच्या कुंडीकडे बोट दाखवलं.

त्यांनी कुंडी पाहिली, मग मला. "हा गाळा उठवावा लागेल." वाट लागली, दादा. तेवढ्यात कुंपणावरून क्लेमेंट म्हणाला, "मॅडम, नकाशा जरा उलटा धरा ना." (त्याला मस्करी जमत नाही. तो खरंच म्हणत होता.) बाईंनी फिरवला. उद्यान बरोब्बर वाडीवर, उद्योग माझ्या गाळ्यावर! फक्त पश्चिमेचा समुद्र तेवढा पूर्वेला, मुलुंडला गेला. बाई इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसावं लागलं. मग मालनच्या हातची सोलकढी प्यायल्या, 'सध्या लेथचा कारखाना, शेजारी भाजीपाला' असं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, दोघं मिळून हरकत नोंदवा.

खरं तर 'औद्योगिक' राहिली असती तर वाडीला केवढा भाव आला असता! संध्याकाळी मी विचारलं, "गप्प का नाही बसलास रे?" तर म्हणतो, "तुझ्या लेथच्या आवाजाशिवाय मला दुपारची झोप लागत नाही." असा शेजारी नशिबाने मिळतो. सोलं त्याच्याकडे गेली.

तुझा,
लवू

ता. क. आपल्या गावच्या घराच्या मागच्या पडवीची लांबी-रुंदी मोजून कळव. सहज. नव्या आराखड्यात वाडी आणि गाळा दोन्हींवरून रस्ता जातोय, असं ऐकतो.

ता. क. २. लेथबरोबर क्लेमेंटही येईन म्हणतो. पडवीपुढे मुळा होईल का बघ. पण ती जागा नकाशात काय दाखवलीय, ते मात्र कुणालाही विचारू नकोस.