सागाच्या चार फळ्या

बाबा, सकाळपासून तिसऱ्यांदा हा कागद घेऊन बसते आहे. दोन ओळी होतात न होतात तोच उठते, मागच्या पडवीत जाते, पटाशीची धार अंगठ्याने पाहते, पुन्हा जागेवर ठेवते आणि परत येते. हे घरीच आहेत, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी आहे. वाळ्याच्या ताटीआड वर्तमानपत्र वाचता वाचता त्यांनी एकदा मान वर केली आणि म्हणाले, "काय वं, मांजरीसारखी काहून फिरून राहिली?" मी म्हटलं, काही नाही, उकडतंय. खरं सांगितलं असतं तर त्यांना हसू आलं असतं. बारा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाशी माझं भांडण होतं, ते या आठवड्यात अचानक संपलं, आणि आता हातांचं काय करावं हेच मला कळेनासं झालं आहे.

तुमचा तो नाद मला आठवतो तो वासासकट. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांच्या दाव्यांच्या नकला उतरवायच्या, बोटं शाईने निळी करून घरी यायचं, कोट खुंटीला टांगायचा, आणि चहा निवायच्या आत हत्यारांच्या पेटाऱ्याचं झाकण उघडायचं. जवसाच्या तेलाचा वास घरभर पसरे. सिव्हिल लाइन्समधला एखादा साहेब विलायतेला परत निघाला की त्याच्या बंगल्यावर सामानाचा लिलाव होई. लोक आरसे आणि गालिचे पाहायला जात, तुम्ही मागच्या गोदामात जात. तिथून गंजलेला रंधा नाहीतर मुठीला तडा गेलेली करवत धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणायचात, आईने पाहू नये म्हणून मागच्या दाराने. मग विटकरीची भुकटी आणि रॉकेल. आठ दिवस घासल्यावर ते पोलाद असं चमकायचं की त्यात माझं नाक दिसे. सुताराचं काम तुम्हाला येत नव्हतं, असं आई म्हणायची. तुम्हाला ते येत होतं, फक्त ते कुणाच्या उपयोगाचं नसायचं. घरात पाट तीन होते आणि ते करायला हत्यारं तीस.

मला हात लावायची मुभा वर्षातून एकदा, खंडेनवमीला. तुम्ही सगळी हत्यारं पाटावर ओळीने मांडत आणि मी प्रत्येकाला हळदीकुंकू लावी. तेवढ्या वेळात मी एकेकाचं वजन हातात घेऊन पाही. तेराव्या वर्षी मला राहवलं नाही. तुम्ही कचेरीत असताना मी बारीक दात्यांची करवत काढली, संत्र्याच्या पेटीची एक फळी घेतली, तिच्यावर शिसपेन्सिलीने रेघ मारली आणि कापायला बसले. आई बाहेर आली, किंचाळली, पोरीच्या जातीला हे शोभतं का म्हणून सुरू झाली. आणि नेमके तुम्ही दारात. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. तुम्ही फळीचे दोन्ही तुकडे उचलले, उजेडाला धरले, आणि रागावलात ते असं रागावलात की मी आजही ऐकते. "रेघ खाल्ली तू! काहून खाल्ली? रेघ कापाची नसते वं. करवत तिच्या बाजूनं गेली पाहिजे. काम झाल्यावर बी रेघ दिसली पाहिजे मले." आई बघतच राहिली. करवतीला हात लावल्याबद्दल तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. मी रडत होते, पण आतून फुलून गेले होते.

त्याच आठवड्यात तुम्ही सागाच्या चार फळ्या आणल्या. कुठल्याशा साहेबाच्या मोडक्या कपाटाच्या होत्या, मधासारख्या रंगाच्या. "तुले तुझी पेटी करून देतो. खिळा एक बी लावणार नाही. कोपऱ्यात दात्यात दाते अडकवीन." कचेरीतल्या जुन्या पुठ्ठ्याचा तुम्ही साचा कापला, ते दाते कसे बसतात ते मला दाखवलं: एका फळीला दात ठेवायचा, दुसरीला त्याच जागी खाच पाडायची, आणि जो भाग काढून टाकायचा त्यावर फुली मारायची, म्हणजे चूक होत नाही. मी शेजारपाजारी सांगून आले, माझ्या बाबांनी मला हत्यारांची पेटी करायला घेतली आहे.

पेटी झाली नाही. लग्न ठरलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "लाकूड अजून ओलं हाये, सुकू दे." पाठवणीच्या वेळी कापडात बांधून एक लहानसा पितळी गुण्या माझ्या हातात दिलात, काटकोन पाहायचा. मी वर्ध्याला गेले. पहिल्या दिवाळीला आले, विचारलं. लाकूड ओलं. दुसऱ्या संक्रांतीला, लाकूड ओलं. पुढे मी विचारणं सोडलं आणि मनात धरून बसले. मुलीला हत्यारं द्यायची हे बाबा उत्साहात बोलून गेले, मग चार लोक काय म्हणतील असं वाटलं, आणि सरळ नाही म्हणवेना म्हणून हे लाकूड काढलं, असा हिशेब मी माझ्यापुरता लावून टाकला. तुमची कार्डंही आखूड होत गेली. आधी पाठपोट भरलेली, मग पाच ओळी, मग मोठ्या मोठ्या अक्षरांत तीनच. मी त्यालाही तेच कारण जोडलं.

शेवटच्या भेटीत मी जे बोलले ते तुम्हाला आठवत असेल तर आठवू नका. तुम्ही पडवीत बसला होतात, मांडीवर ती रुंद पटाशी. माझ्या मुलीने विचारलं, आजोबा, आईची पेटी कुठे आहे? तुम्ही म्हणालात, लाकूड ओलं हाये बेटा. आणि मी फणकारले, "तीस वर्षांच्या कपाटाची फळी ओली कशी राहील, बाबा? नागपूरच्या उन्हात? द्यायची नाही म्हणा ना सरळ." तुम्ही पटाशीच्या धारेवरून अंगठा फिरवत राहिलात. मी टांग्यात बसले तरी तुम्ही तसेच. दीड महिन्याने तार आली.

तेराव्यानंतर आईने पेटारा माझ्यापुढे सरकवला. "घेऊन जा वं हे लोखंड. मले काय कामाचं?" त्याच्या तळाशी त्या चार फळ्या होत्या, सुतळीने बांधलेल्या, तुमच्या त्या दुहेरी गाठीने. मी ती गाठ सोडली नाही. हत्यारं मात्र घेतली, आणि मग तुमचंच खूळ माझ्या अंगात आलं. आमची बदली नागपूरला झाल्यापासून तर विचारू नका. गुजरीच्या बाजारात जुन्या लोखंडाचा ढीग दिसला की माझे पाय थबकतात. परकराला गंज लागतो, तो धुऊन जात नाही. एकाच रुंदीच्या तीन पटाश्या आहेत माझ्याकडे, आणि तिन्ही वेगळ्या आहेत हे मी कुणालाही पटवून देऊ शकते. हे पाहुण्यांना सांगतात, "बायका माहेरून साड्या आणतात, आमच्याकडे कानशी येतात." संत्र्याच्या पेट्यांची लाकडं आणून मी ते दात्यांचे सांधे शिकले, शेकड्याने वाया घालवले, चुलीत घातले. फडताळ केलं, मुलीच्या बाहुलीचा पाळणा दुरुस्त केला, शेजारणीचं देवघर केलं. सगळं केलं, ती सुतळी सोडून. तुमचा हात जिथे थांबला तिथे मी हात लावणार नाही, असं मी लोकांना सांगत असे. ऐकायला बरं वाटे. खरं म्हणजे मी रुसले होते.

गेल्या महिन्यात मला गुण्यावरच्या बारीक खुणा दिसेनात. हे सीताबर्डीला घेऊन गेले, आणि या आठवड्यात चष्मा हाती आला. घरी आल्यावर लहान पोरासारखी जे दिसेल ते वाचत सुटले, तांदळातले खडे पाहिले, आणि त्याच भरात पेटारा उपसून ती सुतळी सोडली.

चार फळ्यांपैकी एक बाकीच्या तिन्हींहून पातळ होती. बोटालाही कळेल इतकी. मी चिडले आधी. तुमच्या हातून अशी चूक? मग ती उजेडाला धरली. दाते आखलेले होते, पेन्सिलीने नाही, सुरीच्या टोकाने, आणि त्या रेघांच्या खाली अर्धवट रंधून काढलेल्या दुसऱ्या रेघा होत्या. त्यांच्याही खाली आणखी एक, केसाएवढी. तुम्ही आखत होता, चुकत होतं, रंध्याने चूक छिलून पुन्हा आखत होता. किती वेळा, देव जाणे. फळी पातळ होईस्तोवर. शेवटच्या खेपेला रेघा सगळ्या बरोबर आल्या होत्या. एका कोपऱ्यातल्या फुल्या तेवढ्या भलत्याच जागी होत्या. त्याप्रमाणे कापलं असतं तर दातासमोर दात आला असता. ते तुमच्या लक्षात आलं असणार, आणि मग तुम्ही सुतळी बांधली.

तुम्हाला दिसत नव्हतं, बाबा.

मी तिथेच पडवीत बसले आणि एकेक गोष्ट आठवत गेले. दर भेटीत तुम्ही पट्टी माझ्यापुढे करून "वाच वं, किती इंच झाले?" म्हणत होता, मी समजत होते, मला शिकवत आहेत. धार डोळ्यांनी न पाहता अंगठ्याने पाहत होता. कार्डावरची ती मोठी अक्षरं. नकला उतरवणाऱ्या माणसाचे डोळे अधू झाले हे कचेरीत कळलं असतं, नाकावर चष्मा जरी दिसला असता, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या जागी दुसरा बसला असता, म्हणून तुम्ही कुणालाच सांगितलं नाही, मलाही नाही. आणि मी तुम्हाला म्हटलं, द्यायची नाही म्हणा ना सरळ.

परवा आणि काल मी त्या फळ्या कापल्या. आधी दोन दिवस नुसती घिरट्या घालत होते. कापलं तर तुमच्या रेघा जातील, या भीतीने करवत उचलायची आणि ठेवायची. मग माझंच मला हसू आलं. रेघ जाऊ द्यायचीच नसते, हेच तर तुम्ही शिकवलं होतं. फुल्या खोडल्या, करवत रेघेच्या बाजूने घातली, आणि श्वास रोखून कापत गेले. पेटी उभी राहिली. खिळा एकही नाही. कोपऱ्यांवर बोट फिरवलं की दात्यांच्या कडेला तुमची सुरी लागते. पितळी गुण्या आत ठेवला आहे, हा कागदही घडी करून त्याच्याखाली ठेवीन. तुम्हाला लिहिलेलं पत्र टाकायला दुसरी पेटी कुठे आहे?

एकच सांगायचं राहिलं. शेवटच्या कोपऱ्यात माझे डोळे भरून आले, चष्म्याला काही इलाज नव्हता, आणि मी एक रेघ खाल्ली. तिथे फट राहिली आहे, नख जाईल एवढी. आत्ता हे उठून पेटी पाहायला आले, चारी बाजूंनी फिरवली, फार छान म्हणाले, आणि नेमकं नख तिथेच घातलं. "हे काय झालं वं?"

मी म्हटलं, "लाकूड ओलं होतं."

"मे महिन्यात? नागपुरात?"

मी पटाशी उचलली आणि अंगठ्याने धार पाहत बसले.