लाल खिडकीतला पाच

मंगळवार, संध्याकाळ

डोंगरीच्या रोझीमावशी आज सकाळी गेल्या. त्यांच्या मुलाचा, फ्रान्सिसचा फोन आला. "रविवारी तू काढलास तोच फोटो मोठा करून दे. आयचा दुसरा चांगला न्हाय." मी हो म्हणालो.

मग कॅमेरा हातात घेतला. या जुन्या घडीच्या कॅमेऱ्यात रोल आपणच फिरवायचा, नाहीतर एका फोटोवर दुसरा बसतो. मावशींचा फोटो पाचवा. त्यानंतर मी होड्यांचा काढला, नक्की काढला. मग फोटोचा आकडा दाखवणाऱ्या मागच्या लाल खिडकीत सहा हवा ना? पाचच दिसतोय. पुन्हा पाहिलं. पाच.

त्यांच्या चेहऱ्यावर होड्या आल्या असतील?

मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या होत्या. "आला का रं नीट?" त्यांनी विचारलं, तेव्हाही मी हो म्हणालो होतो.